दुःखिताचा चेहरा काढावा काय?

उपाशी मरणाऱ्यापुढें वही उघडून बसणें योग्य काय? त्यापेक्षां मूठभर भात द्यावा, असें आपल्यांपैकीं कोणीही म्हणेल, आणि तें खोटें नव्हे.

मुंबईच्या अंधेरी उपनगरांत चित्तप्रसाद भट्टाचार्य नांवाचे बंगाली चित्रकार पुष्कळ वर्षें राहत असत. लाकूड व लिनोलियम कोरून ते ठसे काढीत. अंधेरीस येण्यापूर्वीं, १९४३ सालीं, त्यांनीं बंगालचा दुष्काळ पाहिला. महायुद्ध चालू होतें; ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला होता; शत्रूच्या भयानें सरकारनें किनाऱ्याच्या होड्याही काढून घेतल्या होत्या. लाखों माणसें मेलीं. हे गृहस्थ मिदनापुरांत पायीं फिरून भुकेल्यांचे चेहरे शाईनें काढीत राहिले.

भात त्यांच्या हातीं नव्हता, असें म्हणून मी त्यांना सोडवीत नाहीं. परंतु पुष्कळ चित्रांवर त्यांनीं त्या माणसाचें नांव लिहिलें. मेलेल्यांची मोजणी लाखांनीं चालली असतां एकेकाला नांव विचारावयास थांबणें ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरें उदाहरण जर्मनींतलें. केथे कोल्विट्झ बाईंचा मुलगा पेटर १९१४ सालीं लढाईंत पडला. पुढें त्यांनीं युद्धावर सात लाकडी ठसे कोरले. ‘आईबाप’ ह्या ठशांत दोघें गुडघे टेकून एकमेकांवर वांकलीं आहेत, चेहरे झांकलेले. तें दुःख बाईंचें स्वतःचें होतें. आपलें तोंड झांकण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याचें नांव पुसण्याचा नाहीं, असें मला वाटतें.

चित्तप्रसादांच्या त्या पुस्तकाच्या प्रती सरकारनें जप्त करून जाळल्या. घरच्यांनीं जपलेल्या एका प्रतीवरून तें २०११ सालीं पुन्हां छापलें गेलें.