शेजाऱ्याच्या दारीं येणारें कुत्रें

वीर स्थानकाच्या पलीकडील एका वाडींत राहणाऱ्या उपदेशक बंधूनें गेल्या पावसाळ्यांत आम्हांस एक प्रश्न विचारिला. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर देतांना आमची तारांबळ उडाली, म्हणून तो सर्व मंडळ्यांपुढें ठेवणें आम्हांस योग्य वाटतें.

त्या बंधूच्या शेजारीं एक कुटुंब आहे. मुलगा मुंबईस नोकरीला असतो. घरीं वृद्ध आईबाप. आईचे गुडघे धरलेले, बापास दमा. चोरांच्या भयानें मुलानें ठरविलें कीं, एक मोठ्या जातीचें विलायती पिलूं आणून अंगणांत बांधावें. याच घरीं पूर्वीं एक कुत्रें होतें. तें रात्रंदिवस साखळीस असे. त्याचें पाण्याचें भांडें पुष्कळदां कोरडें असे. आणि शेवटीं तें खरजेनें भरलें तेव्हां घरच्यांनीं त्यास दूर महामार्गावर नेऊन सोडिलें. उपदेशक बंधूनें हें सर्व पाहिलें होतें, व तोंडांतून एक शब्द काढिला नव्हता. आतां तो विचारितो, “पाळकसाहेब, या खेपेस मीं बोलावें, कीं पुन्हां गप्प बसावें?”

कोणी म्हणेल, घर त्यांचें, पैसा त्यांचा, कुत्रें त्यांचें. आपण मध्यें कां पडावें? या बोलण्यांत कांहीं तथ्य आहे. शेजाऱ्यानें कोणतें शेत घ्यावें, घरास कौलें घालावीं कीं पत्रे, हें त्यास शिकवीत बसणारा मनुष्य गांवाला नकोसा होतो, आणि तें योग्यच आहे. कारण तेथें चूक झाली तर ज्याची चूक त्यासच ती भोवते. परंतु कुत्र्याच्या बाबतींत तसें नाहीं. येथें तिसरा एक जीव आहे. त्यास कोणी विचारीत नाहीं, त्यास बोलतां येत नाहीं, आणि दहाबारा वर्षें जें भोगावयाचें तें त्यासच भोगावयाचें असतें. निर्गमाच्या २३व्या अध्यायांत शत्रूचें गाढव ओझ्याखालीं पडलेलें दिसलें तर त्यास सोडून जाऊं नये, अशी आज्ञा आहे. शत्रूच्या जनावराविषयीं जर आपण बांधलेले आहों, तर शेजाऱ्याच्या जनावराविषयीं मोकळे कसे? नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी वाहतो, असें नीतिसूत्रांच्या १२व्या अध्यायांत शिकविलें आहे. तेव्हां हा विषय मंडळीच्या बाहेरचा, असें कोणीं समजूं नये.

तथापि येथें एक मोठा धोका आहे. कुत्रें पाळण्यास “अयोग्य” कोण, हें ठरवावयाचें कोणीं? महाड तालुक्यांत राहणाऱ्यांनीं हा शब्द भीतभीतच उच्चारावा. ज्या चवदार तळ्यावर गुरेंढोरें पाणी पीत, त्या तळ्याला हात लावण्यास माणसांना अयोग्य ठरविलें होतें. आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हजारों लोकांसह तें पाणी प्राशन केलें, तेव्हां त्या निवाड्याची लाज जगापुढें उघडी पडली. आपल्यांतील कित्येकांच्या आजापणजांनीं तो शब्द सोसला आहे. तोच शब्द आपण दुसऱ्या घरावर फेकावा, आणि तोही त्या घरची गरिबी पाहून, हें आपणांस शोभत नाहीं.

गरिबी ही अयोग्यता नव्हेच. नाथान संदेष्ट्यानें दावीद राजास सांगितलेला दाखला आठवा. त्या गरीब मनुष्याजवळ एकच मेंढी होती. ती त्याच्या घांसांतला घांस खाई व त्याच्या मांडीवर निजे. श्रीमंताजवळ कळपच्या कळप होते, पण एकाही मेंढराशीं त्याची अशी माया असल्याचें दाखल्यांत सांगितलेलें नाहीं. आपल्या डोंगरांतल्या वाड्यांवरही हेंच दिसतें. धनगराचें कुत्रें भाकरीच्या तुकड्यावर राहतें, पण तें मोकळें असतें, धन्याच्या सोबतीस असतें आणि त्यास काम असतें. उलट एखाद्या बंगल्याच्या फाटकाशीं चांगल्या जातीचें कुत्रें साखळीस फिरून फिरून वेडें होतें. म्हणून योग्यता जातीवरून किंवा पैशावरून मोजूं नये. ती पांच साध्या प्रश्नांवरून मोजावी. रोज पाणी व अन्न कोण देईल? उन्हांत सावली व पावसांत कोरडी जागा आहे काय? त्यास रोज मोकळें कोण फिरवील? लस टोचविण्यास कोण नेईल? आणि घर बंद करून मुंबईस जावें लागलें, तर तें कोणाच्या स्वाधीन करावयाचें?

हे प्रश्न आमच्या भागांत पोकळ नाहींत. सावित्रीच्या खोऱ्यांत पाऊस कसा पडतो, हें जुलै २०२१ मध्यें ज्यांनीं महाड शहर पाण्याखालीं गेलेलें पाहिलें त्यांस सांगावयास नको. अशा रात्रीं साखळीस बांधलेलें जनावर पोहूंही शकत नाहीं. दुसरें, कुत्रें चावल्यानें होणारा रेबीज हा रोग एकदां अंगीं उमटला म्हणजे त्यांतून मनुष्य बहुधा वांचत नाहीं. मात्र वेळीं लस घेतली तर तो टळतो. पिलूं सुमारें तीन महिन्यांचें झालें म्हणजे त्यास लस टोचवावी व पुढें पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें टोचवीत जावी. कोणास कुत्रें चावलें, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें. चुना, तिखट किंवा मंत्र यांवर विसंबूं नये. उपदेशकांनीं एवढें तरी मंडळींत वाचून दाखवावें. तेव्हां एका घरानें निष्काळजीपणानें कुत्रें आणिलें, तर त्याचें मोल शेजारच्या लेंकरासही द्यावें लागतें. सरकारनेंही ही गोष्ट खाजगी मानिलेली नाहीं. १९६० सालच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमान्वयें कुत्र्यास सदोदित साखळीस ठेवणें, धन्यानें त्यास पुरेसें अन्नपाणी व निवारा न देणें आणि सबळ कारणावांचून त्यास सोडून देणें हे अपराध आहेत.

तर मग बोलावें, हें ठरलें. परंतु कसें बोलावें? याविषयीं आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका गांवीं उपासना संपल्यावर आम्हीं एका गृहस्थास चारचौघांत म्हटलें, “तुमच्या घरीं माणसांचीच आबाळ होते, कुत्रें कशास हवें?” बोलणें खोटें नव्हतें, पण त्यांत प्रीति नव्हती. तो गृहस्थ सहा महिने उपासनेस आला नाहीं, आणि कुत्रें तर दुसऱ्याच आठवड्यांत आलें. त्यास लस टोचवा, एवढें सांगण्यापुरतेंही तोंड आम्हांस उरलें नाहीं. आम्हीं त्या गृहस्थास दुखविलें आणि त्या प्राण्याच्याही कामास आलों नाहीं.

प्रभूनें दाखविलेला मार्ग निराळा आहे. मत्तयाच्या १८व्या अध्यायांत बंधूची चूक त्यास एकांतीं दाखवावी, असें सांगितलें आहे. ७व्या अध्यायांत आधीं आपल्या डोळ्यांतील मुसळ पाहावें, असें आहे. म्हणून ज्याच्या स्वतःच्या गोठ्यांतील बैलाच्या मानेस जखम आहे, त्यानें आधीं ती धुवावी व मग शेजाऱ्याकडे जावें. आणि लूकच्या १४व्या अध्यायांत बुरूज बांधणारा आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो. शेजाऱ्यास हा हिशेब करावयास मदत करणें, हेंच आपलें काम. निकाल आपण द्यावयाचा नाहीं. हिशेब त्याच्यापुढें मांडावयाचा. आणि जो हिशेब मांडितो त्यानें त्यांतील एखादा भार उचलण्यासही तयार असावें. नुसता सल्ला फुकट असतो, म्हणून त्यास किंमतही तेवढीच असते.

एवढें करूनही पिलूं आलें, तर? तर रुसून बसूं नये. “आम्हीं सांगितलें होतें” हें वाक्य त्या मुक्या जिवाच्या कांहीं उपयोगाचें नाहीं. त्यास पाणी मिळतें कीं नाहीं, हें पाहावें. छळच चालला असेल व एकांतीं सांगून ऐकत नसतील, तर दोघां वडील माणसांस सोबत न्यावें. आणि तेंही व्यर्थ गेलें, तर पशुवैद्यास किंवा पोलिसांस कळविण्यांत चहाडी नाहीं.

आमच्या तालुक्यांतील रायगडावर १९३६ सालीं वाघ्या कुत्र्याचा पुतळा बसविण्यांत आला. त्याच्या कथेस इतिहासांत आधार आहे कीं नाहीं, यावर विद्वानांत वाद आहे. २०१२ सालीं तो पुतळा काढून टाकण्यांतही आला व पुन्हां बसविण्यांत आला. तो वाद आम्हांस येथें सोडवावयाचा नाहीं. आमच्या मनांत एवढेंच येतें कीं, पुतळ्यांतल्या कुत्र्याविषयीं आपण इतके जागे असतों, आणि शेजारच्या अंगणांतील जिवंत कुत्र्याचें भांडें कोरडें आहे, हें मात्र आपल्या दृष्टीस पडत नाहीं.

तो उपदेशक बंधु अखेर गेला. मुलगा गांवीं नव्हता, म्हणून तो म्हातारीजवळ ओट्यावर बसला व त्यानें फक्त विचारिलें, “आई, त्याचें पाणी कोण भरणार?” म्हातारी बराच वेळ उगी राहिली. मग म्हणाली, “मास्तर, मला वाकतां येत नाहीं. पण पोरानें एवढ्या हौसेनें ठरविलेलें, त्यास नको कसें म्हणूं? तुम्हीच सांगा त्याला.” म्हणजे जिला आपण अयोग्य म्हणावयास निघालों होतों, तिला आपली अडचण आपल्याआधींच ठाऊक होती, ती बोलून दाखविण्यास तिला कोणी भेटलें नव्हतें. मुलास त्यानें दूरध्वनीवर सांगितलें तेव्हां तो रागावला. पंधरा दिवसांनीं त्यानेंच विचारिलें, “लस कोठें टोचतात?” पिलूं येईल कीं नाहीं, हें अद्यापि ठरलेलें नाहीं. पण आलें, तर सकाळचें पाणी आपण घालूं, असें वचन आमच्या बंधूनें दिलें आहे.

आपल्या भावाच्या रक्षणाची जबाबदारी आपणांवर आहे काय, असें काइनानें विचारिलें होतें, तें उत्तर टाळण्यासाठीं. बंधुभगिनींनो, आपण तोच प्रश्न खऱ्या मनानें विचारूं या. आणि उत्तर मिळाल्यावर शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन नम्रपणें बसूं या.