पस्तीस फेऱ्यांचा हिशेब

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार द्यायचे ठरले, की साधारण ६६ ते ७० ग्रे एवढी मात्रा द्यावी लागते. ती एकदम देता येत नाही. रोज दोन ग्रे, सोमवार ते शुक्रवार, अशा ३३ ते ३५ खेपांत ती वाटून दिली जाते. म्हणजे जवळपास सात आठवडे. दर खेपेला रुग्ण यंत्राखाली असतो तो काही मिनिटंच. त्या वेळी काही दुखत नाही, काही दिसत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसवलेला जाळीचा मास्क काढला की माणूस मोकळा. भरती करून घ्यायची गरज नाही, म्हणून रुग्णालयाच्या लेखी हा बाह्यरुग्ण विभागातला उपचार. 'आता घरी जा, उद्या याच वेळेला या,' असं त्याला सांगतात. लालबागहून आलेल्या माणसाला या वाक्याचा जो अर्थ लागतो, तो किनवटहून आलेल्याला लागत नाही. त्याच्यासाठी त्याचा अर्थ असा, की सात आठवडे मुंबईत कुठेतरी राहा, कुठेतरी जेवा आणि रोज वेळेवर इथे हजर व्हा.

हे 'कुठेतरी' हा उपचाराचाच भाग आहे, असं मला ठामपणे म्हणायचं आहे. राहण्याची जागा, रुग्णाला गिळता येईल असं जेवण आणि सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, या गोष्टी आपण आजवर दानशूरांच्या मर्जीवर सोडल्या. औषध शास्त्राचं आणि धर्मशाळा पुण्याची, अशी वाटणी करून टाकली. किरणोपचाराच्या बाबतीत ही वाटणी वैद्यकीयदृष्ट्याच चुकीची आहे.

त्याचं कारण पेशींच्या वागण्यात आहे. मात्रा वाटून देतात, कारण दोन खेपांच्या मधल्या वेळात निरोगी पेशी आपली दुरुस्ती करून घेतात. कर्कपेशींना ते तेवढं साधत नाही. पण कर्कपेशीही स्वस्थ बसत नाहीत. डोक्या-मानेच्या कर्करोगांत साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कर्कपेशी पूर्वीपेक्षा अधिक वेगाने वाढू लागतात. त्यामुळे ठरलेला उपचार एक दिवस लांबला, तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने किंवा थोडी अधिकच घटते, हे गेल्या काही दशकांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून आणि आतून द्यायचे सगळे किरण मिळून आठ आठवड्यांच्या आत संपवावेत, असा दंडक आहे. एखादा रुग्ण आठवडाभर गावी जाऊन आला आणि त्याने राहिलेल्या खेपा पूर्ण केल्या, तरी कागदावरची मात्रा भरते, गेलेला आठवडा मात्र भरून निघत नाही.

आता माणसं गावी कधी जातात ते पाहू. पहिले दोन आठवडे बरे जातात. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, चव जाते, लाळ चिकट होऊन घशात अडकते. पाण्याचा घोटही निखाऱ्यासारखा जातो. वजन उतरतं, मास्क सैल पडतो, काहींना नाकातून नळी घालावी लागते. नेमक्या त्याच सुमाराला घरून आणलेले पैसे संपतात. सोबत आलेल्या भावाला मुकादमाचे फोन येऊ लागतात, कुणाची सोयाबीन काढणीला येते. म्हणजे शरीराची, पैशाची आणि सोबतीची ताकद ज्या आठवड्यात एकदमच संपते, त्याच आठवड्यापासून एकेका दिवसाची किंमत सर्वाधिक होते. मग एका सोमवारी तो माणूस येत नाही आणि त्याच्या फाइलवर 'उपचार अर्धवट सोडला' अशी नोंद होते. या नोंदीत कर्ता तोच ठरतो. सोडणारा तो. त्याला धरून ठेवण्यासाठी काय होतं, याची नोंद करायला त्या फाइलमध्ये रकानाच नसतो.

बायकांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी अवघड होते. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तिथल्या खेड्यांतल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रभागी आहे, हे या नोंदणीने आकड्यांनिशी दाखवलं. पुढे त्याच टापूत, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा मोठा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असा त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वापरला गेला. जगाला इतकं मोलाचं ज्ञान देणाऱ्या या बायकांच्या लेकीसुनांपर्यंत ती चाचणी अजून सरसकट पोचलेली नाही, याची मला खंत वाटते. म्हणून आजही पुष्कळ जणी अंगावरून जाणं असह्य झाल्यावरच, उशिरा येतात.

अशा बाईला आधी बाहेरून २५ खेपा देतात, जोडीला आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. दोन-तीन आठवड्यांत रक्तस्राव थांबतो. कित्येक महिन्यांनी अंगाला बरं वाटतं. मागे घरात मुलं आहेत, गुरं आहेत, सासू अंथरुणाला आहे. ती म्हणते, 'आता बरं वाटतंय, जाते मी.' खरं तर सर्वांत महत्त्वाचा टप्पा अजून बाकी असतो. किरणांचा स्रोत आत, गाठीजवळ नेऊन द्यायच्या उपचाराला ब्रॅकीथेरपी म्हणतात. तो झाला नाही, तर बरं होण्याची शक्यता फारच खालावते. पण हे तिला कळणार कसं? तिला आजाराचं नावच सांगितलेलं नसतं. 'तिला काही बोलू नका, ती खचेल,' असं घरच्यांनी डॉक्टरांना दाराबाहेर बजावलेलं असतं. मायेपोटीच, मला शंका नाही. पण जिला फक्त 'पिशवीला सूज आहे, शेक द्यायचा आहे' एवढंच माहीत आहे, तिने सूज उतरल्यावर थांबावं तरी कशासाठी? आजार लपवला की त्याबरोबर वेळापत्रकाचं कारणही लपतं. निदान किरणोपचार सुरू करण्यापूर्वी तरी तिला सगळं सांगायला हवं. ती खचते त्याहून अधिक वेळा सावध होते, असं या क्षेत्रात काम करणारे समुपदेशक सांगतात आणि मला ते पटतं.

घरी परतल्यावरचा एक त्रास मी जवळून पाहिला आहे. माझी मावशी उपचार पूर्ण करून गावी आली, तेव्हा तिचं ताट-तांब्या वेगळं ठेवलं होतं आणि नातवंडांना तिच्या कुशीत जाऊ देत नव्हते. किरण 'अंगात राहतात' अशी समजूत होती. बाहेरून यंत्राने दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात, रुग्णाच्या अंगातून कुणालाही काही होत नाही, हे एक वाक्य निघताना कुणीतरी तिच्या मुलाला सांगायला हवं होतं. हीच भीती शहरात वेगळ्या रूपात भेटते. २०२१ साली म्हाडाच्या १०० सदनिका टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरलं. तिथल्या रहिवाशांचा विरोध झाला, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि शेवटी बॉम्बे डाइंगच्या आवारातल्या घरांचा पर्याय काढावा लागला. कर्करोग लागट नाही हे ज्यांना नीट ठाऊक असतं, त्यांनाही त्याचा शेजार मात्र नको असतो.

मग हा भार उचलला कुणी? दादरला संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. लहान मुलांसाठी २००६ पासून सेंट ज्यूडची घरं आहेत. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या, त्यामागे पोहोचलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा हवी, ही साधी जाण होती. या संस्थांचं ऋण मोठं आहे. पण त्यांच्या खोल्या मोजक्या आहेत. प्रतीक्षायादीवर असलेलं कुटुंब त्या दरम्यान हिंदमाताच्या पुलाखाली किंवा रुग्णालयासमोरच्या फूटपाथवर असतं. ज्याच्या पांढऱ्या पेशी केमोने खाली आल्या आहेत, तो डासांत आणि धुरात झोपतो.

राज्याने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालेल्या जनआरोग्य योजनेने किरणोपचार आणि केमोचा खर्च असंख्य घरांच्या डोक्यावरून उतरवला. त्याआधी जमीन विकून उपचार घेणाऱ्यांच्या कहाण्या मराठवाड्यात गावोगावी ऐकायला मिळत. २०२३ मध्ये योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली गेली. रेल्वेही उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपरचं भाडं पूर्ण माफ करते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत देते. पण योजनेच्या पॅकेजचा आराखडा शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर ठेवून आखल्यासारखा आहे. त्यात रुग्णाचं रुग्णालयातलं जेवण आहे आणि घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं आहे, तेही एकदा. पोटावर शस्त्रक्रिया करून आठवड्याने घरी जाणाऱ्याला ते पुरतं. सात आठवडे रोज येऊन रोज बाहेर पडणाऱ्याला या रचनेत जागाच नाही. तो भरती नाही, म्हणून त्याला जेवण नाही. सोबतच्या माणसाचा तर उल्लेखही नाही.

आहार आणि मुक्काम हा सरकारचा विषय नाही, असं कुणी म्हणेल, तर क्षयरोगाकडे बोट दाखवता येईल. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून प्रत्येक क्षयरुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये जमा होऊ लागले आणि २०२४ च्या अखेरीस ती रक्कम हजारावर नेली. पोटात अन्न नसेल तर गोळ्या लागू पडत नाहीत, हे तत्त्व म्हणजे सरकारने स्वीकारलं आहे. कर्करोगापर्यंत ते न्यायचं बाकी आहे. आणि त्याचा उपयोग होतो याचा पुरावा परळलाच आहे. टाटाच्या बालकर्करोग विभागाने मुलांसाठी राहणं, पैसे, जेवण आणि समुपदेशन यांची एकत्र सांगड घातल्यावर उपचार मध्येच सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण ठळकपणे घटलं. औषधं तीच होती. मुलांचं जमलं ते मोठ्यांचं का जमू नये?

यावर नेहमीचं उत्तर असतं, की यंत्रंच जिल्ह्याजिल्ह्यांत न्या. ती न्यायलाच हवीत. दहा लाख लोकांमागे निदान एक यंत्र हवं, असं जे प्रमाण सांगितलं जातं, त्यापासून आपण अजून बरेच दूर आहोत. भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र देशातच घडवलं, ते परवडणारं यंत्र खेड्यांजवळ जावं म्हणूनच. पण यंत्राला जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, किरणतज्ज्ञ, भौतिकतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ लागतात. कोबाल्टचा स्रोत सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो, तो बदलावा लागतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांसाठी जाहीर झालेली डे-केअर केंद्रं केमोसाठी उपयोगी पडतील, किरणांसाठी नाही. यंत्रं येईपर्यंतची वर्षं कुणाच्या तरी आयुष्यातून जाणार आहेत. रुग्णालयाजवळ खोल्या भाड्याने घ्यायला मात्र काही महिने पुरतात.

शास्त्राकडूनही थोडी मदत होते आहे. स्तनाच्या कर्करोगात पूर्वीच्या २५ खेपांऐवजी १५ पुरतात, हे आता सर्वमान्य आहे. ब्रिटनमधल्या अभ्यासाने २०२० साली निवडक रुग्णांत एका आठवड्यातल्या पाच खेपाही पुरेशा असल्याचं दाखवलं. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर आठ ग्रेची एकच खेप बहुतेकांना अनेक खेपांइतकाच आराम देते, हे तर कितीतरी वर्षांपासून माहीत आहे. तरीही वेदनेने विव्हळणाऱ्या माणसाला दहा दिवस फेऱ्या घालायला लावणारी केंद्रं आहेत. जिथे कमी खेपांनी तेवढाच गुण येतो, तिथे जास्त खेपा सांगणाऱ्याने त्याचं कारण रुग्णाला समजावून द्यायला हवं, कारण प्रत्येक खेपेमागे दोन माणसांचा एक दिवस जातो.

आज रुग्णाच्या हाती तारखांचा एक कागद दिला जातो. पहिली खेप द्यायच्या आधी जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने त्याच कागदावर आणखी चार गोष्टी लिहून घ्याव्यात. मुक्काम कुठे, सोबत कोण आणि ती व्यक्ती परत गेली तर दुसरी कोण, रोजचं जेवण कुठून आणि गावच्या आशाताईंचा फोन नंबर. यातला एखादा रकाना रिकामा राहिला, तर तो भरायची जबाबदारी योजनेची. त्यासाठी दररोजचा मुक्काम-भत्ता पॅकेजमध्येच धरावा, रुग्णासाठी आणि एका सोबत्यासाठी, भरती नसतानाही. आणि ज्या दिवशी रुग्ण आला नाही, त्याच संध्याकाळी फोन जावा, कारण महिन्याच्या अखेरीस यादी करताना तो गैरहजर होता हे कळून कुणाचाच उपयोग नाही.