कार्डयंत्र आणि अस्तेय

दिंडोशीतील लहान उपाहारगृहाने कार्डयंत्र निवडणे हा हिशेबाइतकाच अस्तेयाचा, म्हणजे दुसऱ्याचे त्याच्या संमतीवाचून न घेण्याच्या व्रताचा, प्रश्न आहे. कार्डाच्या व्यवहारामागे दुकानदाराकडून जी टक्केवारी कापली जाते, ती 20 लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्यांसाठी, डेबिट कार्डावर, रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2018 पासून 0.40 टक्क्यांवर मर्यादित केली आणि जानेवारी 2020 पासून रुपे डेबिट कार्डावर ती शून्य झाली; क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तो भार बिलात न सांगता मिसळणे, रक्कम कितीही क्षुल्लक असो, चोरीच ठरते, कारण तेथे पाहुण्याची संमती नसते. वाण्याचा व्यवसाय केलेल्या तुकोबांच्या परंपरेत व्यवहार परमार्थाबाहेरचा नाही. मालकाने दर आधी विचारावा, आणि तो स्वतः सोसावा.