बस घेतली, डेपो राहिला

दत्ताकाका सावंतवाडीहून लंडनला गेले आणि सत्तावीस वर्षं तिथे बस चालवली. त्यातली शेवटची सहा वर्षं 207 क्रमांकाच्या मार्गावर, जोडबसवर. शेपर्ड्स बुशहून निघायचं, ईलिंग आणि साउथॉल मागे टाकत हेजपर्यंत जायचं. अठरा मीटर लांब, तीन दारांची ती लाल गाडी मधोमध वाकायची. तिथे हार्मोनियमसारखा रबरी भाता होता. वळणावर भात्याची एक बाजू मिटायची, दुसरी उघडायची. लंडनकर तिला 'बेंडी बस' म्हणत. कुणी नावं ठेवत, कुणी तिकीट न काढता मागच्या दाराने चढत. काकांचा मात्र तिच्यावर जीव.

2002 साली लंडनमध्ये आलेल्या या बसेस काढून टाकू, असं वचन देऊन बोरिस जॉन्सन 2008मध्ये महापौर झाले. डिसेंबर 2011मध्ये 207वरचीच बेंडी बस सगळ्यांत शेवटी थांबली. त्याच महिन्यात काकाही निवृत्त झाले. पुढे काही महिन्यांनी कळलं, की त्यातली एक बस विक्रीला आहे, एका बऱ्यापैकी जुन्या मोटारीच्या किमतीत.

"भाडं घ्यायचं नाही, धंदा करायचा नाही," काकांनी घरी जाहीर केलं. "मंडळाची सहल, गणपतीचं विसर्जन, कुणाचं लग्न असेल तर वऱ्हाड. आपली माणसं, आपली बस."

"अहो, पण ठेवणार कुठे?" काकूंनी विचारलं. "आपल्या गल्लीत मोटार लावायची तरी रोज भांडण होतं."

"बघू गं. मला काय ती नवीन आहे?"

जागा मिळाली ती स्लाऊच्या पलीकडे, एका शेतकऱ्याच्या आवारात, महिन्याच्या भाड्याने. पहिल्या दिवशी काकांनी बसला हार घातला, नारळ फोडला. मुलं भात्याजवळच्या गोल तबकडीवर उभी राहून नाचली. त्यानंतर तीन आठवडे पाऊस पडला आणि कुणाला कुठेच जायचं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात काका गेले, तर बॅटरी उतरलेली, टाक्यांतली हवा गेलेली. अशा गाडीचे ब्रेक हवेवर सुटतात. हवा नसेल तर ते घट्ट आवळून बसतात, गाडी ढकलूनही हलत नाही. भात्याच्या घड्यांत पाणी साचून हिरवं शेवाळ धरलं होतं. एका घडीला चीर गेली होती. भाता बदलावा लागेल असं कळलं, आणि त्याची किंमत ऐकून काका मटकन पायरीवर बसले. टायर दहा. गाडी उभी असली तरी त्यांचं वय वाढतच होतं. समोर एक पिवळा दिवा लागला तो विझेना. जवळच्या गॅरेजवाल्याकडे एवढ्या लांब गाडीखाली शिरायला खड्डा नव्हता आणि त्या दिव्याचा अर्थ सांगणारा संगणकही नव्हता.

"बस नाही आणलीत तुम्ही," काकू म्हणाल्या. "जावई आणलात. मान द्यायचा, खाऊ घालायचं, आणि रुसला तर समजूत काढायची."

अखेर वसंतात मंडळाची सहल ब्रायटनला निघाली. दीडशे माणसं मावतात म्हणून काकांनी साऱ्यांना आवतण दिलं होतं. पण ती दीडशे माणसं शहरात दोन-तीन थांब्यांपुरती उभी राहणारी. बसायच्या जागा 49. लांबच्या रस्त्यावर लहान पोरांना दोन तास उभं कोण ठेवणार? निम्मी मंडळी मोटारींनी मागून आली. सामानाला जागा नव्हती, भेळेची पातेली दारात. डिझेल लिटरमागे जेमतेम दोन किलोमीटर.

वाटेत रस्ता बंद होता. पर्यायी रस्ता म्हणून काका एका खेड्यात शिरले आणि अरुंद गल्लीत अडकले. मागे घ्यायला गेले, तर शेपटी भलतीकडे वळली. सांधा फार वाकला की गाडी भोंगा वाजवून थांबायची. काकांना घाम फुटला. 207वर त्यांनी जोडबस कधी मागे घेतलीच नव्हती. दोन्ही टोकांना पुढूनच वळायची सोय असायची. दोन तासांनी पोलिसांनी गल्ली मोकळी करून दिली, तेव्हा भेळ आंबली होती.

"पुढचा भाग ठेव आणि शेपूट कापून टाक," कुणीतरी सुचवलं.

काका कसनुसं हसले. "इंजिन शेपटीतच आहे रे. मागचा डबा पुढच्याला ढकलतो."

ऑगस्ट 2013मध्ये माल्टाहून बातमी आली. लंडनमधून तिकडे गेलेल्या याच जातीच्या काही बसेस एकापाठोपाठ पेटल्या होत्या आणि त्या सगळ्याच रस्त्यावरून उतरवल्या गेल्या. विमावाल्यांचं पत्र आलं तेव्हा काकांनी ते दोन दिवस उघडलंच नाही.

तिसऱ्या दिवशी साउथॉलच्या बाजारात त्यांना डेपोतले जुने सरदारजी मेकॅनिक भेटले. इतक्या वर्षांत दोघांत 'नमस्ते'पलीकडे बोलणं झालं नव्हतं. सरदारजी बस बघायला आले, विजेरी घेऊन शेपटीखाली शिरले आणि बऱ्याच वेळाने हात पुसत बाहेर आले.

"सहा वर्षांत ही तुझ्या हातात किती वेळा बंद पडली?"

"दोनदा असेल."

"ही?"

काका गप्प झाले. कुठली होती ती? नंबर आठवेना.

"रोज संध्याकाळी तू चावी ठेवून घरी जायचास," सरदारजी म्हणाले. "मग आम्ही खाली शिरायचो. हवा, तेल, टायर, सांध्याला ग्रीस. एक बिघडली की सकाळी तुला दुसरी मिळायची. तुला वाटायचं, तीच गाडी. दत्ता, तू एक बस कधी चालवलीच नाहीस. तू आख्खा डेपो चालवत होतास. त्यांनी तुला बस विकली, डेपो नाही विकला."

महिनाभरात बस सुट्या भागांसाठी गेली, घेतलेल्या किमतीच्या चौथाईत.

वस्तू किती स्वस्त आहे, ते विकणारा सांगतो. ती जगवायला किती हात लागतात, ते मात्र आपणच विचारायचं असतं.

पुढच्या वर्षी मंडळाने चालकासह भाड्याची बस केली. परतल्यावर सगळे उतरले, तरी काका दाराशी घुटमळले.

"रात्री ही गाडी कोण बघतं?" त्यांनी तरुण चालकाला विचारलं.

तो खांदे उडवून म्हणाला, "बघत असेल कुणीतरी."

काकांनी काकूंकडून बेसनलाडवांचा डबा घेतला आणि त्याच्या हातात ठेवला. "यातले दोन तुझे," ते म्हणाले. "बाकीचे त्या कुणाला तरी दे."