बर्फाच्या आतले झाड

गेल्या फेब्रुवारीत जपानच्या यामागाता प्रांतातील झाओ पर्वतावर जाण्याचा योग आला. स्कीइंगसाठी हे ठिकाण विख्यात आहे. आम्हांला स्कीइंग कुठले येणार! रोपवेने १६६१ मीटर उंचीवर उतरलो, तो समोरच्या उतारावर शेकडो शुभ्र आकृत्या उभ्या. कोणी कमरेत वाकलेली, कोणी बाहू पसरलेली, कोणी डोक्यावरून पदर घेतल्यासारखी. जपानी लोक त्यांना ‘जुह्यो’ म्हणतात. आत असते आओमोरी तोदोमात्सु नावाचे सूचिपर्णी झाड.

सायबेरियाचे वारे जपानच्या समुद्रावरून ओलावा घेऊन येतात. त्यातील सूक्ष्म थेंब शून्याखालच्या थंडीतही द्रवच राहतात, मात्र झाडावर आदळताच गोठतात. त्यांत हिमकण अडकतात आणि थरावर थर चढतो. वारा जिकडे वाहतो तिकडे हे बर्फ लोंबत असेल, अशी आमची समजूत. प्रत्यक्षात ते वारा येतो त्याच दिशेला, त्याला सामोरे जात वाढते.

एका कडेला काही सडपातळ आकृत्या होत्या. उपवासाने कृश झालेल्या तपस्व्यांची रांगच जणू! आम्ही मोठ्या कौतुकाने फोटो काढला. सोबतचे जपानी धर्मगुरू थोडा वेळ गप्प राहिले. मग हलकेच म्हणाले, “फादर, ती झाडे मेलेली आहेत.”

२०१३ साली येथे एका पतंगाच्या अळ्यांनी झाडांच्या सुया फस्त केल्या. दुबळ्या झालेल्या झाडांवर पुढे साल पोखरणारे भुंगेरे तुटून पडले आणि हजारो झाडे वठली. सुयाच नाहीत, तर बर्फ धरून ठेवणार कोण? आम्हांला दिसलेली तपश्चर्या ही वस्तुतः उपासमार होती.

अज्ञानात लाभलेला आनंद खोटा ठरतो काय? आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, पण तेथे कुडकुडत उभे असताना उत्तर सुचेना. बर्फ सुंदर होते, हे काही खोटे नव्हे. मृत्यू कळल्यावरही ते तितकेच सुंदर दिसत होते, आणि हेच आम्हांला अधिक बोचले. सौंदर्य पाहून हरखणे हा अपराध नाही, असे आमचे मत आजही आहे. परंतु ‘आत कोण आहे?’ असे विचारण्याची गरजही आम्हांला वाटली नव्हती. तिकीट काढले होते, दृश्य मिळाले होते, एवढ्यावर आम्ही तृप्त होतो.

खालच्या उतारावरची रोपे वर नेऊन लावण्याचे काम तेथे २०१९ पासून सुरू आहे. ही झाडे फार सावकाश वाढतात. लावणाऱ्यांपैकी अनेकांना त्यांचे जुह्यो झालेले पाहायला मिळणार नाहीत.

तो फोटो आमच्या प्रार्थनापुस्तकात आहे. घरभेटीला गेलो की मुले तो मागून घेतात आणि “किती छान!” म्हणतात. त्यांना ते आधी म्हणू द्यावे, की हातात देतानाच झाडाविषयी सांगून टाकावे? कधी आम्ही सांगतो. कधी चहा येईपर्यंत थांबतो.