न घासलेले पाय

वसईतल्या एका वाडीतली गोष्ट. पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यांत यंदा थोरल्याची निवड झाली होती. पोरगा दुपारपासून न्हाणीत. वज्रीने टाचा घासल्या, नखं कापली. धाकटीचा पाय चुकून त्याच्या पायावर पडला, तर तिच्यावर खेकसला. वेदीसमोर फादरांनी गुडघे टेकून त्याचे पाय धुतले, टॉवेलाने पुसले, मुका घेतला. मग काय, स्वारी हवेतच!

घरी आजीने पितळी घंगाळात कोमट पाणी काढलं. "फादरांनी तुझे धुतले, आता तू आमचे धू. पप्पांपासून सुरुवात कर."

पप्पा पहाटेच मोगऱ्याच्या टोपल्या घेऊन दादरला गेले होते. परतल्यावर वाडीला पाणी सोडलं आणि तसेच मिस्साला, मागच्या दाराशी उभे राहिले. टाचांच्या भेगांत चिखल वाळलेला, अंगठ्याचं नख काळंनिळं.

"पप्पा, आधी साबण लावून या ना."

"मग तू काय धुणार?" आजी म्हणाली.

पप्पाच ओशाळले. "असू दे रे," म्हणत पाय मागे घेऊ लागले. आजीने त्यांनाही दटावलं, "पेत्रानेही असेच आढेवेढे घेतले होते. बस गप!"

पोराने भेगेतला चिखल खरवडला तसे पप्पा कळवळले. तेव्हा कुठे त्याचा हात हलका झाला. पाणी दोनदा बदलावं लागलं. मग आईचे झाले, आजीचे झाले. धाकटी मात्र पाय पोटाशी घेऊन बसलेली. "दुपारी चुकलं माझं," असं त्याने म्हटल्यावर तिने पाय पुढे केला. एकच.

चर्चमध्ये निवडलेली माणसं घरून पाय घासून येतात, त्यात वावगं काही नाही. 2016पासून रोमच्या परवानगीने स्त्रियांचेही पाय तिथे धुता येतात, हे तर उत्तमच झालं. पण योहानाच्या 13व्या अध्यायात प्रभूने धुतले ते वाटेची धूळ तुडवणाऱ्यांचे पाय, आणि त्यांत यहूदाचेही होते.

तेव्हा पुढच्या पवित्र गुरुवारी मुलांकडून हे घरी करून घ्यायचं असेल, तर मोठ्यांनो, एवढं पथ्य पाळा: आधी पाय धुऊन बसू नका. आणि कृपा करून फोटोही काढू नका.