गॉटशाल्क आणि कृपेचा प्रश्न

मनुष्याचा उद्धार ईश्वराच्या कृपेने, म्हणजे पात्रता न पाहता मिळणाऱ्या साहाय्याने होतो की स्वतःच्या प्रयत्नाने, हा वाद नवव्या शतकात पुन्हा पेटला तो गॉटशाल्क या सॅक्सन मठवाशामुळे. लहानपणीच वडिलांनी फुल्डाच्या मठाला अर्पण केलेल्या या मुलाने पुढे ते बंधन आपल्या संमतीवाचून घातले गेल्याची तक्रार केली. इच्छास्वातंत्र्य नाकारणाऱ्या विचारवंताच्या चरित्रात ही गोष्ट मनाला चटका लावते.

प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीन याचे ग्रंथ पचवून गॉटशाल्कने ‘दुहेरी पूर्वनियती’ मांडली : ईश्वराने निवडलेल्यांना जीवनासाठी आणि त्याज्यांना दंडासाठी आधीच नेमले आहे, मात्र पाप करण्यास त्याने कोणालाही नेमलेले नाही. हा भेद सूक्ष्म असला तरी खरा आहे, आणि विरोधकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. रॅन्सचा आर्चबिशप हिंकमार याला भीती होती ती वेगळीच. सर्व काही आधीच ठरले असेल, तर सामान्य माणूस सत्कर्म कशासाठी करील? ही चिंताही क्षुल्लक नव्हती.

८४८ मध्ये माइन्ट्सच्या आणि ८४९ मध्ये कियेर्झीच्या धर्मसभेने गॉटशाल्कला दोषी ठरवले. त्याला फटके मारण्यात आले आणि स्वतःची टिपणे स्वतःच्या हाताने आगीत टाकण्यास भाग पाडले गेले. त्यानंतर ओव्हिलेरच्या मठातील कैदेतही तो लिहीत राहिला, आणि ८६८ च्या सुमारास मत मागे न घेताच मरण पावला.